सतरा सप्टेंबर आणि कपाटात नसलेली पुस्तके

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत सकाळी झेंडा लागतो. मुले इस्त्रीचे कपडे घालून येतात, निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, पोलीस कारवाई ही नावे गुरुजींनी ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने घडाघडा म्हणतात, टाळ्या घेतात आणि खाऊ घेऊन घरी जातात. आमच्या फुलंब्रीतही यापेक्षा निराळे घडत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. आपल्याला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळाले, याचा आम्हां मराठवाड्याच्या लोकांना थोडा सल आहे आणि थोडा अभिमानही आहे.

त्याच दिवशी, म्हणजे बरोबर १७ सप्टेंबर १९४८ लाच, जेरुसलेमच्या रस्त्यावर एक मोटार अडवण्यात आली आणि आतील गृहस्थास गोळ्या घालण्यात आल्या. काउंट फोक बर्नाडोट हे त्यांचे नाव. स्वीडनच्या राजघराण्यातील हा मनुष्य. महायुद्धाच्या अखेरीस पांढऱ्या रंगाच्या बसगाड्या घेऊन तो जर्मनीत शिरला आणि छळछावण्यांतून हजारो कैदी सोडवून घेऊन आला; त्या कैद्यांत ज्यूही होते. पुढे संयुक्त राष्ट्रांनी त्याला पॅलेस्टाइनात मध्यस्थ म्हणून पाठवले. घर सोडून गेलेल्या अरबांना घरी परतण्याचा हक्क असलाच पाहिजे, असे लिहिलेल्या अहवालावर त्याने सही केली ती १६ सप्टेंबरला. दुसऱ्याच दिवशी लेही नावाच्या ज्यू अतिरेकी गटाच्या माणसांनी त्याचा बळी घेतला. आणि योगायोग पहा, हिंदुस्थानने इस्रायलला मान्यता दिली तोही दिवस १७ सप्टेंबरच, साल १९५०.

तारखांचे असे योगायोग इतिहासाला काही शिकवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु शाळामास्तराला तारखांची खोड असते, आणि ह्या खोडीपायीच गेली काही वर्षे मी पॅलेस्टाइनविषयीचे ग्रंथ वाचत आलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी ग्रंथ शेजारी शब्दकोश ठेवून वाचावा लागतो, एका पानाला कधी कधी अर्धा तास लागतो. त्यामुळे जे वाचतो ते विसरत नाही, एवढाच त्यातला लाभ.

मराठी वाचकाला हा विषय नवा आहे असे मुळीच नाही. ना. ह. पालकरांचे 'छळाकडून बळाकडे' आणि वि. ग. कानिटकरांचे 'इस्रायल : युद्ध, युद्ध आणि युद्धच!' ही पुस्तके आमच्या पिढीच्या किती घरांत, किती वाचनालयांत होती! दोन हजार वर्षे देशोदेशी हिंडलेली, हिटलरच्या भट्ट्यांतून उरलेली एक जमात आपला देश उभा करते, वाळवंटात बागा फुलवते, चहूकडच्या शत्रूंना पुरून उरते, ही कथा कोणाचेही रक्त तापवील अशीच आहे. ती खोटीही नव्हे. माझी तक्रार त्या पुस्तकांविषयी नाही, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेविषयी आहे. त्या बागा फुलण्यापूर्वी त्या जमिनीवर कोण होते, ते काय पिकवीत होते, त्यांच्या गावांची नावे काय होती, हे सांगणारे पुस्तक आमच्या कपाटात शोधूनही सापडत नाही. मराठी वाचकाने त्या लढाया वाचल्या, पण ज्यांच्याशी त्या झाल्या त्यांची ओळख करून घेतली नाही.

रशीद खालिदी ह्या इतिहासकाराने आपला ग्रंथ (तो २०२० साली निघाला) एका पत्राने सुरू केला आहे. १ मार्च १८९९ चे ते पत्र. लिहिणारे गृहस्थ त्यांच्याच घराण्यातले, जेरुसलेमचे जुने महापौर युसूफ झिया अल्-खालिदी. त्यांनी ते फ्रान्सच्या मुख्य रब्बींना लिहिले आणि थिओडोर हर्झलपर्यंत पोचवावे अशी विनंती केली. पत्राचा सूर अगदी सभ्य. ज्यूंचे ह्या भूमीशी नाते आहे हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, परंतु येथे आधीच माणसे राहतात, तेव्हा पॅलेस्टाइनला स्वस्थ असू द्या, असे कळवळून सांगितले. हर्झलने त्याच महिन्यात उत्तर पाठवले: तुमचा फायदाच होईल, काळजी नको. पुढची शंभर वर्षे म्हणजे ह्या दोन पत्रांवरचे भाष्य आहे, असे म्हटले तरी चालेल. मी हे वाचले आणि प्रथम मनात आले की, एखाद्या गावाच्या पाटलाने धरण बांधणाऱ्या साहेबाला असेच पत्र लिहिले असेल आणि साहेबाने असेच उत्तर दिले असेल.

पण ज्या ग्रंथाने मला खरोखर धरून ठेवले तो दुसऱ्या खालिदींचा. वालिद खालिदींनी १९९२ साली पाच-सातशे पानांचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'जे काही उरले ते'. १९४८ साली ओस पडलेल्या ४१८ गावांची ही नोंदवही आहे. हा ग्रंथ वाचण्याचा नव्हे, चाळण्याचा. आणि चाळताना हात थांबण्याचा. प्रत्येक गावाला एक नोंद. जिल्ह्याच्या गावापासून अंतर किती, समुद्रसपाटीपासून उंची किती, जमीन किती, तीतली कोणाची किती, लोकवस्ती किती, घरे किती, पिके कोणती, शाळा होती की नव्हती, मशीद कशी होती, फौज कोणत्या तारखेस आली, आणि आज तेथे काय आहे. आमच्याकडचे जिल्ह्याचे गॅझेटिअर ज्याने पाहिले आहे त्याला हा घाट ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की, गॅझेटिअर हे असलेल्या गावांचे असते.

'आज तेथे काय आहे' ह्या सदरात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते: निवडुंग. तिकडेही शेताच्या आणि अंगणाच्या कडेला फड्या निवडुंगाचे कुंपण घालीत. घरे पाडली, दगड नेले, वर पाइनची झाडे लावली, तरी निवडुंगाची मुळे जागा सोडीनात. दर पावसाळ्यात ती गावाची सीमा पुन्हा आखून देतात. ज्याने लहानपणी निवडुंगाची लाल बोंडे काट्यांसकट तोडून जिभेला लावली आहेत, त्याला ते वाक्य वाचून पुढचे पान उलटवत नाही.

आमच्या भागातली माणसे जायकवाडीचे नाव काढतील. पैठणला नाथसागर झाला तेव्हा गोदाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळांचे कळस दिसतात. तुलना मनात येते, पण ती फार ताणू नये. आमची गावे आमच्याच सरकारने उठवली, थोडाफार मोबदला दिला, दुसरीकडे त्याच नावाचे गाव वसू दिले. तिकडची सात लाखांहून अधिक माणसे सरहद्दीपलीकडे गेली आणि त्यांना परत येऊ दिले नाही. बर्नाडोटच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबर १९४८ ला, संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या परतण्याचा ठराव केला. तो ठराव अजून ठरावच आहे.

कोणी म्हणेल, अरबांनी लिहिलेले ग्रंथ अरबांच्या बाजूचेच असणार. रास्त शंका आहे. म्हणून मुद्दाम सांगतो की, १९४८ साली ती माणसे आपखुशीने किंवा अरब पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून निघून गेली, ही जुनी कथा मोडीत काढण्याचे मोठे काम बेनी मॉरिस ह्या इस्रायली इतिहासकाराने केले, आणि तेही इस्रायलच्याच दफ्तरखान्यातील कागद पाहून. हे गृहस्थ पॅलेस्टिनी पक्षाचे कैवारी नव्हेत. पुढे त्यांची राजकीय मते तर फारच कडक झाली. इलान पापे हे दुसरे इस्रायली इतिहासकार; ते त्याच कागदांवरून पुष्कळ पुढे जातात आणि ही हकालपट्टी ठरवून केलेली होती असे म्हणतात. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. मला स्वतःला मॉरिस अधिक सावध आणि पापे अधिक वाचनीय वाटतात, आणि शाळामास्तर म्हणून मी सावध माणसाला दोन गुण जास्त देईन. पण गावे ओस पडली, याविषयी दोघांत वाद नाही.

पॅलेस्टिनी ग्रंथांत मला एक उणीव मात्र जाणवते. बगदाद, कैरो, साना येथून ज्या लक्षावधी ज्यूंना त्याच काळात आणि त्यानंतर उठावे लागले, त्यांची कहाणी ह्या ग्रंथांत ओझरती येते किंवा येतच नाही. आणि आपल्याला तर ज्यू परके नव्हेत. कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक शनवार तेली म्हणत, ते आमच्याच भाषेत बोलले, त्यांनी मराठीतून बायबलच्या कथांवर कीर्तने केली आणि केहिमकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावली. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्रायलला गेले. तेथे सगळे गोडच झाले असे नाही. काहीजण तर तेथील वागणुकीला कंटाळून १९५२ साली परत मुंबईस आले. उरलेल्यांना लग्नाच्या बाबतीत तुम्ही खरे ज्यू आहात काय, अशी विचारणा तेथील रब्बींनी केली, आणि १९६४ साली जेरुसलेमला ठिय्या देऊन बसावे लागले तेव्हा कुठे सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. म्हणजे इस्रायलात मराठी घर आहे. आणि ते ज्या भूमीवर आहे तिच्याखाली दुसऱ्या कोणाचे घर असण्याचा संभव आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे जड जाते, म्हणून बहुतेक माणसे एक सोडून देतात.

ही जड गोष्ट कादंबरीत सोपी होते, असा माझा धंद्याचा अनुभव आहे. घसान कनफानीची 'हैफाला परत' ही लहानशी कादंबरी पहा. कनफानी बारा वर्षांचा असताना घरातून उठला, पुढे दमास्कसला निर्वासितांच्या शाळेत मास्तर होता. म्हणून मला त्याच्याविषयी थोडा जास्त जिव्हाळा. तो एका सशस्त्र संघटनेचा प्रवक्ताही होता, हे लपवण्याचे कारण नाही. १९७२ साली बैरूतमध्ये त्याच्या मोटारीत स्फोट झाला, त्यात तो आणि त्याची तरुण भाची दोघे गेली. कादंबरीत असे आहे की, एप्रिल १९४८ मध्ये हैफा पडले त्या गडबडीत एका जोडप्याचे तान्हे मूल घरातच राहून जाते. वीस वर्षांनी, १९६७ च्या युद्धानंतर रस्ता मोकळा होतो, तेव्हा नवराबायको मोटारीने आपल्या जुन्या घरी जातात. दार उघडते एक ज्यू बाई. तिने हिटलरच्या छळात आपली माणसे गमावलेली आहेत. तिने ते मूल वाढवले आहे. संध्याकाळी मुलगा घरी येतो, तो इस्रायली सैनिकाच्या गणवेशात.

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या वाचकाला वाटेल, आता मिठी मारतील. तसे होत नाही. आणि वाईट कोणाला म्हणावे हे शेवटपर्यंत कळत नाही. एका पॅलेस्टिनी लेखकाने आपले घर बळकावून बसलेल्या बाईला इतक्या मायेने रंगवावे, ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच हैफात २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी भाले घेऊन तुर्कांच्या तोफांवर चाल केली होती. त्या ब्रिगेडमध्ये तिसरे पथक होते हैदराबाद लान्सर्सचे, म्हणजे आमच्याच तेव्हाच्या सरकारचे. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातली एक मूर्ती त्यांची. निजामाच्या राज्यातले शिपाई तुर्कांच्या सुलतानाविरुद्ध लढून आले, आणि पुढे तेरा वर्षांनी त्याच निजामाच्या थोरल्या राजपुत्राशी तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफाच्या मुलीचे लग्न लागले! ह्या खलिफासाठी, अब्दुल मजीदसाठी, आमच्या खुलताबादेजवळ कबर बांधून ठेवली होती. ते १९४४ साली पॅरिसला वारले, १९५४ साली त्यांना मदिनेस मूठमाती मिळाली, आणि खुलताबादची इमारत रिकामी राहिली. फुलंब्रीहून खुलताबाद फार दूर नाही. मुलांची सहल भद्रा मारुतीला जाते, औरंगजेबाच्या कबरीवरून पुढे वेरूळला जाते. रिकाम्या कबरीपाशी बस थांबत नाही.

खुलताबादचे जेरुसलेमशी आणखी एक नाते आहे, आणि ते फार जुने. जेरुसलेमच्या जुन्या तटबंदीत एक हिंदी धर्मशाळा आहे. बाबा फरीद तेथे येऊन राहिले अशी तिची परंपरा सांगते. बाबा फरीदांचे शिष्य दिल्लीचे निजामुद्दीन अवलिया. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब, ज्यांचा दर्गा खुलताबादेत आहे. आणि आमच्या नरसीच्या नामदेवांची पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याच ग्रंथात बाबा फरीदांचीही वचने आहेत. ही साखळी कोणी मुलांना सांगितली तर त्यांना जेरुसलेम हे केवळ बातमीतले नाव वाटणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सतरा सप्टेंबरच्या भाषणात आम्ही जे म्हणतो ते खरे आहे. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केले ते आजीआजोबांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरील आपल्या ग्रंथात ते अधिकाराने लिहून ठेवले आहे. तो ग्रंथ आमच्या कपाटात आहे, आणि असलाच पाहिजे. परंतु सतरा तारखेनंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांचे काय झाले, हे पाहण्यासाठी सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाठवले होते. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा ह्या जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली, आणि अगदी हात राखून अंदाज केला तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली, असे त्या समितीने लिहिले. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवल्याच्या हकिकतीही त्यांनी नोंदवल्या. हा अहवाल कित्येक दशके फडताळात होता. सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीस तो पडला तो एकविसाव्या शतकात. इस्रायलचा दफ्तरखाना उघडल्यावर मॉरिससाहेबांनी जे केले, ते आमच्या बाबतीत कोणी करावयाचे, हा प्रश्न मला पॅलेस्टाइनचे ग्रंथ वाचताना पडला. मुक्ती ही मुक्तीच होती; तिच्या पाठोपाठ जे झाले ते सांगितल्याने तिचे मोल रुपयाचे बारा आणे होत नाही. मुले तेवढी समजदार असतात. मोठ्यांचे सांगता येत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात हमासने इस्रायलात शिरून सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि नंतरच्या युद्धात गाझातील मृतांचा आकडा दशसहस्रांच्या घरात गेला. वर्गात मुलांनी विचारले, गुरुजी, आपण कोणाच्या बाजूचे? १९४७ साली पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध हिंदुस्थानने मत दिले होते, आणि १९९२ पासून इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध ठेवले, हे मी सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. मग मी त्यांना ४१८ गावांतल्या एका गावाची नोंद मराठीत वाचून दाखवली. मुलांनी निवडुंगाविषयी विचारले. आपल्या शिवारात असे ओस पडलेले गाव आहे काय, हेही एकाने विचारले. आहेत, पांढरीची टेकाडे आमच्याकडे काय थोडी आहेत!

मराठवाड्याच्या मुक्तीबरोबर आमच्या वर्गात मराठी आली. निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती, मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकण्यासाठी झगडावे लागले. तेव्हा हा न्यायच झाला. परंतु उर्दूबरोबर एक कवी आमच्या वर्गातून निघून गेला, आणि तो तर खास आमच्या जिल्ह्यातला. सिराज औरंगाबादी. जन्म १७१५, मृत्यू १७६३. आज जे शहर छत्रपती संभाजीनगर झाले आहे, त्याचे जुने नाव ज्याच्या नावाला जोडलेले आहे असा हा मोठा कवी. कोवळ्या वयात त्याला वेड लागल्यासारखे झाले आणि कित्येक वर्षे तो खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन गरिबांच्या दर्ग्याभोवती देहभान विसरून फिरत राहिला. त्याची एक गझल आजही कव्वाल गातात, आणि ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा कवी आपल्या शेजारचा.

१७४७ च्या सुमारास त्याने 'बुस्तान-ए-खयाल' ही मसनवी रचली. तीत त्याने आपल्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगितली आहे. ते प्रेम एका तरुणावरचे आहे.

येथे काही वाचक अंक मिटतील, म्हणून घाईने सांगतो की, जुन्या उर्दू काव्यात प्रियकर पुल्लिंगी असणे ही रूढीच होती. पंडित म्हणतात, हे सगळे आध्यात्मिक आहे, प्रियकर म्हणजे ईश्वर. असेलही. आपल्याकडे ज्ञानेश्वरमाउली विरहिणीच्या मुखाने बोलतात, तेव्हा आपण डोळे मिटून डोलतोच की! परंतु सिराजची मसनवी वाचताना मला असे वाटते की, ईश्वर इतका प्रत्यक्ष रुसत नाही आणि इतक्या वेळा वाट पाहायला लावून येईनासा होत नाही. दोन्ही अर्थ एका ओळीत राहू शकतात. कवीला ते जमते म्हणून तो कवी. पंडितांनी मात्र एकच अर्थ ठेवून दुसरा उंबऱ्याबाहेर बसवला. हालींनी १८९३ च्या सुमारास काव्यविचार लिहिला, त्यात ह्या पुल्लिंगी प्रियकराचा त्यांना संकोच वाटतो. इंग्रजी अमलातल्या सुशिक्षितांना तो वाटणे साहजिक होते. त्यानंतरच्या शाळकरी पुस्तकांतून तो प्रियकर जवळजवळ नाहीसा झाला. सिराजच्या ह्या मसनवीचा अंश रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली काढलेल्या, हिंदुस्थानातील समलिंगी प्रेमाच्या साहित्यविषयक इंग्रजी संग्रहात आला. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला कवी मला भेटला तो इंग्रजीतून.

हल्ली 'क्वीअर साहित्य' असा शब्द ऐकू येतो आणि पुष्कळांना वाटते, हे विलायतेहून आलेले फॅड आहे. सिराजच्या काळी इंग्रज औरंगाबादेत नव्हते. उलट, असे प्रेम गुन्हा ठरवणारे कलम इंग्रजांनी १८६० साली आणले. ते सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दूर केले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. तेव्हा विलायतेहून काय आले, हे वाचकांनीच ठरवावे.

मराठीत ह्या विषयाचे लेखन थोडे आहे, पण जे आहे ते हलके नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडींनी केलेली ती सुमित्रा देव, जिला सगळे 'मित्रा' म्हणतात, ज्यांनी पाहिली ते अजून बोलतात. नाटक थोर, यात संशय नाही. पण कादंबरीकार म्हणून माझी एक कुरकुर आहे. मित्राला शेवटी मरावे लागते. अशा माणसाची गोष्ट लिहावयाची तर अखेर मृत्यूवरच व्हावी, असा जणू दंडक होता. तो मोडावयाला पुढची पंचवीस वर्षे लागली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली आली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहावयास आलेला तरुण. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्याच प्रेमात. पहिल्या भागात भाऊ बोलतो, दुसऱ्यात बहीण. दोघांचे दुःख एकच आहे. तिच्यासाठी निदान घर हादरते, त्याच्यासाठी कोणी विचारतही नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही. ह्या मांडणीतच सगळे आले. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' मात्र कलाकृती म्हणून मला साधारण वाटली, पण घरच्या माणसांनी वाचावी अशी. ती समजावून सांगते.

सलीम हद्दाद ह्या लेखकाची 'ग्वापा' ही इंग्रजी कादंबरी (२०१६) येथे आठवते. त्याचे वडील पॅलेस्टिनी-लेबनानी, आई इराकी-जर्मन. नाव न सांगितलेल्या एका अरब शहरात, एका दिवसात घडणारी ही कथा. राजकीय उठाव मोडत चालला आहे, आणि त्याच सुमारास आजीने नातवाला त्याच्या मित्रासोबत पाहिले आहे. सगळी कादंबरी एका अरबी शब्दाभोवती फिरते: 'ऐब'. हा शब्द आमच्याकडेही आहे. आमच्या आया तो वापरतात, तोच अर्थ आणि तीच भीती. हद्दादच्या नायकाला परदेशी लोक म्हणतात, तुम्हां अरबांत तुझ्यासारख्याला जागाच नाही. आणि घरचे म्हणतात, हे परदेशी खूळ आहे. तो मधल्यामध्ये. पॅलेस्टाइनचा इतिहास आणि हे प्रेम, ही दोन कपाटे मला वेगळी वाटत होती ती ह्या कादंबरीपर्यंत.

आमच्या गावच्या वाचनालयात 'कोबाल्ट ब्लू' आहे, मीच आणवली. नोंदवहीत ती आजवर चार जणांनी नेल्याचे दिसते. प्रत्यक्षात किती जणांनी वाचली, हे पुस्तकाच्या कडांवरून कळते. कडा बऱ्याच मळल्या आहेत. म्हणजे पुष्कळांनी ती तेथेच कोपऱ्यात उभ्याने वाचली. एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता मोठ्या शहरात नोकरी करतो, मला दिवाळीच्या सुट्टीत एवढेच विचारले की, गुरुजी, तुम्ही ती पूर्ण वाचली का? मी म्हटले, दोनदा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आईला देऊ का? मी म्हटले, आधी बहिणीला दे.

गेल्या वर्षापासून आमच्या गावातल्या एका वृद्ध उर्दू गुरुजींच्या मदतीने सिराजची ती मसनवी मी नागरी लिपीत उतरवून घेत आहे, आणि जमेल तसे मराठी करीत आहे. गुरुजींची नजर अधू झाली आहे. मी शब्दांची अक्षरे सांगतो, ते अर्थ सांगतात. काम एका साध्या शब्दावर अडून बसले आहे. 'यार'. 'सखा' म्हटले तर गुरुजी म्हणतात, हा विठोबा झाला. 'प्रियकर' म्हटले तर नाटकातला होतो. 'मित्र' म्हटले तर शाळेतल्या बाकावरचा होतो, आणि तेंडुलकरांची मित्रा मध्येच येऊन उभी राहते ती निराळीच. दोन महिने झाले. वहीत तेवढी जागा आम्ही मोकळी सोडली आहे आणि पुढच्या शेरांना हात घातला आहे.